कादंबरीचा रस आणि धर्माची शंका

संस्कृतात ‘कादंबरी’ या शब्दाचा एक अर्थ मद्य असा होतो. सातव्या शतकात हर्षवर्धनाच्या आश्रयाला असलेल्या बाणभट्टाने आपल्या गद्य प्रेमकथेच्या नायिकेला हे नाव दिले. मराठीने आणि कानडीने पुढे या एका कथेचे नाव सबंध वाङ्मयप्रकाराला देऊन टाकले. कथा पुरी होण्याआधीच बाण वारला. ती पुरी करणाऱ्या त्याच्या मुलाने उत्तरार्धाच्या आरंभी नावातला श्लेष नेमका पकडला आहे. कादंबरीच्या रसाने सारे लोक असे धुंद झाले आहेत की कोणाला कशाची शुद्ध उरलेली नाही, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. मुलाने हे वडिलांच्या कौतुकाने लिहिले; एखाद्या भिक्षूने हेच उद्गार काढले असते तर तो आरोप झाला असता.

प्रेमकथा केवळ सुखासाठी वाचावी का, हा प्रश्न या दोन अर्थांमध्ये अडकलेला आहे. भाषा सुधारते म्हणून किंवा अभ्यासक्रमात नेमली आहे म्हणून कादंबरी वाचली तर त्यावर कोणी फारसे वाद घालत नाही. वाद आहे तो दुपारची भांडी आवरल्यावर, किंवा रात्री घर झोपल्यावर, पुढे काय होते एवढ्याच ओढीने पाने उलटणाऱ्या वाचकाबद्दल. नायक-नायिकेचे अखेर जुळणार हे त्याला पहिल्या पानापासून ठाऊक असते, तरी तो वाचतो. या वाचनाने मनाचे काय होते आणि जे होते ते धर्माला चालण्याजोगे आहे का, याचा खल भारतीय परंपरेत छापखान्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. त्यातली मते आजच्या पुस्तकांना लावून पाहताना फारशी ओढाताण करावी लागत नाही.

सर्वांत कडक भूमिका श्रमण परंपरांची. साधूने टाळायच्या बोलण्याला जैन ग्रंथ ‘विकथा’ म्हणतात आणि तिचे चार प्रकार सांगतात: स्त्रीकथा, भक्तकथा म्हणजे खाण्यापिण्याच्या गप्पा, देशकथा आणि राजकथा. पाली बौद्ध ग्रंथांत अशीच पण बरीच लांब यादी ‘तिरच्छानकथा’ या नावाने येते. तिच्यात राजे, चोर, लढाया, कपडे, गावगप्पा, पाणवठ्यावरच्या गप्पा असे सगळे आहे. या याद्यांत प्रेमाला एकटे गाठून दोषी ठरवलेले नाही. राजकारण आणि जेवणही त्याच पंगतीला बसवले आहे. आक्षेप चित्त विखुरण्यावर आहे, शृंगारावर नाही. रोज सकाळी तासभर वर्तमानपत्र चाळून मुलीच्या हातातल्या कादंबरीला नावे ठेवणारे वडील या हिशेबाने तिच्याच शेजारी बसतात.

त्याच पाली ग्रंथांपैकी संयुत्तनिकायातली तालपुटाची गोष्ट मात्र थेट कलेवर बोट ठेवते. तालपुट हा नटांच्या मंडळीचा प्रमुख. रंगमंचावर लोकांना हसवणारा, रिझवणारा नट मेल्यावर हसऱ्या देवांच्या लोकात जातो असे आमचे जुने आचार्य सांगत आले, यावर आपले मत काय, असे तो बुद्धाला विचारतो. बुद्ध दोनदा उत्तर टाळतो. तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगतो की असा नट ‘पहास’ नावाच्या नरकात जातो. त्यामागचे कारण विचार करण्यासारखे आहे. प्रेक्षक आधीच राग, द्वेष आणि मोह यांनी बांधलेले असतात, आणि नट त्यांच्यापुढे तेच वाढवणाऱ्या गोष्टी गोळा करून मांडतो. म्हणजे विकार कलेतून जन्मत नाही, तो आत असतोच. कला त्याला सरपण पुरवते. तालपुट रडतो, पण उत्तर कठोर होते म्हणून नव्हे. इतकी वर्षे जुन्या नटांनी आपल्याला फसवले याचे त्याला रडू येते. पुढे तो भिक्षू झाला आणि थेरगाथेत त्याच्या नावावर एक दीर्घ काव्य आहे. रंगमंच सोडलेल्या माणसाने आपली मुक्ती पद्यातच मांडली, याचा अर्थ ज्याने त्याने लावावा.

ख्रिस्ती जगातही हाच आक्षेप आहे, मात्र त्याचा रोख अनुकरणावर आहे. दान्तेच्या महाकाव्यात पाओलो आणि फ्रान्चेस्का ही जोडी लान्सलॉटची प्रेमकथा सहज, मनोरंजनासाठी म्हणून वाचत बसते. कथेतल्या चुंबनाशी येताच पुस्तक बाजूला पडते आणि दोघांची रवानगी नरकात होते. सोळाव्या शतकातली स्पॅनिश संत तेरेसा आत्मचरित्रात कबूल करते की लहानपणी तिला वीरप्रेमाच्या कादंबऱ्यांचा नाद होता आणि वडिलांपासून लपवून ती दिवसरात्रीचे कित्येक तास त्यांत घालवी. नाद लागला आईकडून. आई त्या का वाचत असावी याबद्दल तेरेसा जे लिहिते ते तिच्या पश्चात्तापाहून मोलाचे आहे: संसारातल्या मोठ्या त्रासांतून मन काढण्यासाठी, आणि मुले काहीतरी वाचण्यात गुंतलेली राहावीत म्हणून.

या आक्षेपांना पहिले उत्तर धार्मिक कवींनीच दिले. अश्वघोषाने ‘सौन्दरनन्द’ महाकाव्यात बुद्धाचा सावत्र भाऊ नंद आणि त्याची पत्नी सुंदरी यांच्या प्रेमाचे रसाळ वर्णन केले, आणि शेवटी खुलासा जोडला की कडू औषध पोटात जावे म्हणून त्यात मध मिसळतात तसे हे काव्य आहे. ‘वसुदेवहिंडी’ या प्राकृत कथाग्रंथाच्या परंपरेतला जैन लेखक धर्मसेनगणी जवळजवळ हीच युक्ती सांगतो: लोकांना कामकथा आवडतात, मग शृंगाराच्या मिषाने धर्म सांगू. काश्मीरचा मम्मट अकराव्या शतकात या विचाराला शास्त्राची बैठक देतो. वेद धन्यासारखी आज्ञा करतात, पुराणे मित्रासारखी समजूत घालतात, काव्य प्रेयसीसारखे गोडीने वळवते. साहित्याच्या उपदेशाला उपमा शोधायची वेळ आली तेव्हा या शास्त्रकाराला प्रेयसीच आठवली.

मधाचे उत्तर सोयीचे आहे, पण ते आक्षेप मान्य करूनच पुढे जाते. सुख हे केवळ आमिष, खरे काम औषधाचे, असे एकदा म्हटले की औषध नसलेल्या मधाला बाजू उरत नाही. शिवाय वाचक मध चाटतात आणि औषध ठेवून देतात, हा अनुभव जुना आहे. वि. स. खांडेकरांनी ‘ययाति’ (१९५९) लिहिली ती अनावर भोगाच्या मागे लागलेल्या माणसाची शोकांतिका म्हणून, आणि तो हेतू त्यांनी उघड सांगितला. तरी शर्मिष्ठेसाठी, कच-देवयानीसाठी ती रात्र जागून वाचणारे वाचक कमी नव्हते, आणि त्यांनी कादंबरी चुकीची वाचली असे म्हणवत नाही.

दुसरे उत्तर नाट्यशास्त्राच्या परंपरेतून येते आणि ते अधिक धीट आहे. भरताच्या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात इंद्रादी देव ब्रह्मदेवाकडे जातात ते खेळणे मागायला: जे पाहता येईल आणि ऐकताही येईल असे खेळणे. ब्रह्मदेव जे देतो त्याला पाचवा वेद म्हटले आहे. खेळणे आणि वेद हे एकाच वस्तूचे वर्णन आहे, आणि त्यात कुणाला विसंगती वाटलेली दिसत नाही. हे नाट्य दुःखाने पिडलेल्यांना, श्रमाने थकलेल्यांना, शोकात बुडालेल्यांना आणि तपस्व्यांनाही विसावा देईल, असे तिथे म्हटले आहे. तेरेसाची आई या यादीत सहज बसते. दहाव्या शतकात माळव्यात मुंजाच्या दरबारी ‘दशरूपक’ लिहिणारा धनंजय तर आनंद झरणाऱ्या नाटकांतून इतिहासासारखे निव्वळ ज्ञान मिळवू पाहणाऱ्या अल्पबुद्धी सज्जनाला उपरोधाने दुरूनच नमस्कार करतो.

आनंद हेच फळ, असे म्हणून मात्र शंका मिटत नाही. हा आनंद आणि कामवासनेचा आनंद एकच असेल तर बुद्धाचे सरपण तसेच राहते. काश्मीरच्या भट्टनायकाने दहाव्या शतकात हा पेच सोडवायला घेतला. त्याचा मूळ ग्रंथ हरवला आहे. त्याची मते मुख्यतः काश्मीरच्याच मीमांसक अभिनवगुप्ताने केलेल्या चर्चेतून कळतात. त्याचा मुद्दा असा: रंगमंचावरचे प्रेम प्रेक्षकाला स्वतःचे वाटले तर चारचौघांत त्याला लाज वाटायला हवी, आणि परक्याचे वाटले तर त्याने निर्विकार राहायला हवे. प्रत्यक्षात दोन्ही होत नाही. मग तिसरे काही होत असले पाहिजे. त्याला भट्टनायकाने साधारणीकरण म्हटले: भाव कुणा एकाचा राहत नाही, सर्वसाधारण होतो. अभिनवगुप्ताने हा विचार उचलला, दुरुस्त केला आणि अनुभवाच्या बारीक तपशिलात नेला.

एक साधा प्रसंग घ्यावा. कादंबरीतली नायिका सासरच्या माजघरात, चुलीच्या उजेडात, चार महिन्यांनी आलेले पत्र उघडते. अक्षर ओळखताच तिच्या हाताला कंप सुटतो. तेवढ्यात ओसरीवर पावले वाजतात आणि ती पत्र पोळीच्या डब्याखाली सरकवते. वाचणाऱ्याच्याही छातीत त्या क्षणी धडधडते. ही धडधड कोणाची? वाचणाऱ्याला कोणाचे पत्र आलेले नाही. नायिकेची म्हणावी तर नायिका अस्तित्वातच नाही. आपल्याला पकडतील अशी भीती वाचकाला वाटत नाही, कारण खरीखुरी भीती वाटली असती तर पुस्तक मिटले असते; उलट तो पुढचे पान घाईने उलटतो. भीती आहे पण ती हवीशी आहे. अभिनवगुप्त याला अलौकिक म्हणतो, म्हणजे रोजच्या जगाच्या देण्याघेण्यात न बसणारे. रस हा चाखण्याच्या काळापुरताच असतो, त्याआधी नसतो आणि नंतर उरत नाही. उपमा पानकाची: गूळ, मिरी, आंबट असे सगळे एकत्र झाले की त्यातले कुठलेच सुटे न लागता तिसरीच चव लागते. पन्हे पिणाऱ्याला हे समजवावे लागत नाही.

मराठीत हाच विचार वेगळ्या शब्दांत न. चिं. केळकरांनी मांडला. १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी वाङ्मयानंदाला ‘सविकल्प समाधी’ म्हटले. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो पण स्वतःचे भान पुरते टाकत नाही. एकाच वेळी तो दोन ठिकाणी असतो आणि या दुहेरी असण्यातून आनंद येतो. योगशास्त्राचा शब्द कादंबरीवाचनाला लावणे ही धिटाई होती. ‘साहित्यदर्पण’कार विश्वनाथाने चौदाव्या शतकात रसास्वादाला ब्रह्मास्वादाचा सहोदर, म्हणजे पाठचा भाऊ, ठरवून ठेवलेच होते. पाठचा भाऊ म्हणजे तोच नव्हे, ही सावधगिरी त्या शब्दातच आहे. योगी परत येतो तेव्हा बदललेला असतो असे मानतात. कादंबरी मिटणारा वाचक बहुधा दूध उतू गेले का ते पाहायला उठतो.

रसविचार खरा धरला तर अनुकरणाचा आक्षेप मुळातच ढिला पडतो. रसात ‘मला हवे’ म्हणणारा ‘मी’ जागेवर नसतो, मग हाव कोण धरणार? पण अभिनवगुप्ताने रसाच्या आड येणारी सात विघ्नेही सांगितली आहेत, आणि त्यांतली दोन प्रेमकथेच्या वाचकाला चांगलीच झोंबणारी आहेत. एक, कथेतला भाव आपलाच किंवा अमक्याचाच मानून त्यात अडकणे. दुसरे, आपल्या खाजगी सुखदुःखाने व्यापलेले असणे. नायकाच्या जागी समोरच्या इमारतीतला मुलगा बसवून वाचणारी मुलगी या कसोटीवर रस घेत नसते, दिवास्वप्न पाहत असते. आणि लोकप्रिय प्रेमकादंबरीची पुष्कळशी ताकद या दिवास्वप्नातच असते हे नाकारण्यात अर्थ नाही. बेतीव कादंबरीत नायिकेचा चेहरा मुद्दाम अस्पष्ट ठेवतात, वाचणारीला तिथे स्वतःला बसवता यावे म्हणून. रसविचाराची ढाल घेऊन अशा सगळ्या वाचनाचा बचाव करणे म्हणजे अभिनवगुप्ताच्या अटी वाचायच्या टाळून त्याची सही तेवढी वापरणे होय.

तरी त्याच अभिनवगुप्ताची सहृदयाची व्याख्या पुढचा मार्ग दाखवते. काव्याच्या सततच्या परिचयाने ज्यांच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे ते सहृदय, असे तो म्हणतो. म्हणजे आरसा वाचनाआधी कुठून तयार मिळत नाही, वाचता वाचता घासला जातो. तिसऱ्या प्रेमकादंबरीत स्वतःला शोधणाऱ्या वाचकाला तिसाव्या कादंबरीत लेखकाच्या खुबी दिसायला लागतात: गैरसमज कुठे पेरला, पत्र का हरवले, शेवटच्या तीस पानांत आजारपण कशाला आले. तो हसतो, आणि तरीही त्याचा गळा दाटतो. वाईट वाचनावरचा उपाय वाचन सोडणे नव्हे, वाचत राहणे हा, असे या व्याख्येतून निघते. हे मत कोणत्याही धर्मोपदेशकाला पटण्यासारखे नाही.

भक्तिपरंपरेने तिसरी वाट काढली आणि महाराष्ट्राच्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची. भागवताच्या दशम स्कंधात रासक्रीडा ऐकून परीक्षिताला पडायची ती शंका पडते: धर्मरक्षणासाठी अवतरलेल्याने परस्त्रियांशी असे वागावे कसे? शुक उत्तर देतात की समर्थांनी केले ते सामान्याने मनानेही करू नये. इथपर्यंत अनुकरणाचा आक्षेप मान्य आहे. पण त्याच अध्यायाच्या शेवटी फलश्रुती येते: ही क्रीडा श्रद्धेने ऐकणाऱ्या-सांगणाऱ्याचा काम हा हृदयरोग लवकर नाहीसा होतो. शृंगारकथा ऐकून काम जातो! कोणत्या अटीवर, तर श्रद्धेच्या. कथा तीच, शब्द तेच. ऐकणाऱ्याच्या वृत्तीने परिणाम उलटा होतो.

ज्ञानेश्वरांनी शृंगाराशी वेगळ्या तऱ्हेने व्यवहार केला. तेराव्या अध्यायाच्या अखेरीस ते शांतरस शृंगाराच्या डोक्यावर पाय ठेवील अशी ग्वाही देतात. यात वैराग्याचा आवेश आहे तसा कवीचा पणही आहे. रस टाकून द्या असे ते म्हणत नाहीत. तुमच्या आवडत्या रसाहून गोड रस देतो, चाखून पाहा, असे म्हणतात. कादंबरी सोडवायची तर तिच्याहून रसाळ काही हातात द्यावे लागते, याची जाण पुढच्या कित्येक उपदेशकांना राहिली नाही.

महानुभाव पंथात हा प्रश्न एका ग्रंथाच्या निमित्ताने उघडपणे पुढे आला. भास्करभट्ट बोरीकराने ‘शिशुपालवध’ रचले. नावात वध असला तरी काव्याचा जीव कृष्ण-रुक्मिणीच्या प्रणयात, रुसव्या-फुगव्यात आणि विरहात आहे. पंथातल्या जाणत्याने ते वाचून मत दिले की ग्रंथ उत्तम झाला, पण तो संसारात असलेल्यांच्या कामाचा, निवृत्तांच्या नव्हे. कवीने तो निवाडा मनाला लावून घेतला आणि भागवताच्या एकादश स्कंधावर वैराग्यपर ‘उद्धवगीता’ रचली. या निवाड्यातला समंजसपणा आजही वाखाणण्याजोगा आहे. ग्रंथ जाळला नाही, वाईटही म्हटला नाही. वाचणारा कोण एवढेच विचारले. ‘शिशुपालवध’ पंथाच्या मान्य काव्यांत राहिले आणि मराठी वाचक आज ‘उद्धवगीते’पेक्षा त्याचेच नाव अधिक घेतो.

एकनाथांचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ यापुढचा टप्पा. हे १८ प्रसंगांचे काव्य त्यांनी १५७१ साली काशीत पुरे केले. विदर्भाच्या राजाची मुलगी न पाहिलेल्या पुरुषावर केवळ त्याचे गुण ऐकून जीव जडवते. घरातला थोरला भाऊ तिचे लग्न दुसरीकडे ठरवतो. ती ब्राह्मणाच्या हाती गुपचूप पत्र पाठवते. त्यात लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवीच्या दर्शनाला मी गावाबाहेर येईन, तिथून मला घेऊन जा, अशी नेमकी वेळ आणि जागाही कळवते. वर्धा नदीकाठच्या कौंडिण्यपुरात अंबिकेचे ते देऊळ आजही दाखवतात. सारांश, घरच्यांच्या मर्जीविरुद्ध पळून जाऊन केलेल्या प्रेमविवाहाची ही कथा. एकनाथांनी तिला जीव-शिवाच्या लग्नाचा अर्थ दिला, आणि तो मनापासून दिला.

या काव्याचा महाराष्ट्रातल्या घरांनी केलेला उपयोग कोणत्याही मीमांसेपेक्षा बोलका आहे. लग्न जुळत नसलेल्या मुलीने ‘रुक्मिणीस्वयंवरा’चे पारायण करावे, मनासारखा वर मिळतो, अशी श्रद्धा आहे. मुलगी आंघोळ करून देवासमोर पाटावर बसते, पोथीला हळदकुंकू वाहते आणि नेमाने ओव्या वाचते. पत्राचा प्रसंग येतो, रथाचा येतो, हरणाचा येतो. स्वयंपाकघरातून आई कान देऊन असते, एखादा शब्द अडखळला तर तिथूनच सुधारून देते. त्याच मुलीच्या उशीखाली सापडलेली वाचनालयाची कादंबरी मात्र तीच आई परत करायला लावते. दोन्हीकडे एक तरुण मुलगी एका प्रेमकथेत रमलेली आहे. फरक श्रद्धेचा आहे असे भागवत म्हणेल. घरातली मंडळी तो पोथी आणि पुस्तक यांतला मानतात. आणि पाटावर बसलेली मुलगी जीव-शिवाच्या अर्थापाशी थांबते की रथापाशी, हे विचारण्याची पद्धत नाही.

छापील मराठी कादंबरी आली तेव्हा औषध आणि मध दोन्ही बरोबरच आले. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७) विधवांच्या हालांबद्दल आणि ख्रिस्ती धर्माच्या बाजूने बोलते. चारच वर्षांनी आलेली लक्ष्मण मोरेश्वर हळब्यांची ‘मुक्तामाला’ अद्भुत प्रेमकथा आहे. ‘मंजुघोषा’कार नारो सदाशिव रिसबूड यांनी १८६८ साली प्रस्तावनेत एक अडचण प्रामाणिकपणे नोंदवली: आपल्याकडच्या विवाहादी चालींमुळे रोजच्या आयुष्यात रंजक असे काही घडतच नाही, तेव्हा मनोरंजक लिहायचे तर अद्भुताकडे वळणे भाग आहे. लग्न आठव्या-दहाव्या वर्षी होत असताना पूर्वराग आणायचा कुठून? प्रेमकथा वाचकाला बिघडवते असे म्हणणाऱ्यांनी रिसबुडांची तक्रार ऐकावी. तिथे समाजात प्रेमाला जागाच नव्हती, आणि कथेला ती गंधर्वनगरीत शोधावी लागली. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली काढलेल्या साप्ताहिकाचे नावच ‘करमणूक’ होते, आणि त्यातून क्रमशः आलेल्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’ने वाचकांना रडवले. ना. सी. फडके आणि खांडेकर यांचा ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा गाजलेला वाद पुष्कळ अंशी धनंजय आणि अश्वघोष यांचीच फेरी होती. त्यात नव्याने फार थोडे सांगितले गेले.

कायद्यापुढे हा प्रश्न चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’मुळे आला. ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली ती अश्लील नाही असा निर्णय दिला. त्यात वयात येणाऱ्या मुलांचा मुद्दा थेट विचारात घेतला गेला. कामविषयक उल्लेख त्यांच्या नजरेस पडूच नये असे बंधन लेखकांवर घातले तर त्यांना फक्त अशा मुलांसाठीच लिहावे लागेल, प्रौढांसाठी लिहिताच येणार नाही, असा युक्तिवाद न्यायालयाने मांडला. वाचणारा कोण, हा महानुभावांच्या जाणत्याने विचारलेला प्रश्नच इथे परत आला, उलट्या बाजूने.

तरुण वाचक ही रसविचारातली खरी नाजूक जागा. प्रौढ माणसाच्या बाबतीत अनुभव आधी आणि कथा मागून येते. सोळाव्या वर्षी कथा आधी येते. ज्याने प्रेम केलेले नाही त्याला शृंगाराचा रस कळतो कसा? अभिनवगुप्ताचे उत्तर वासनेचे आहे: रती वगैरे भाव संस्काररूपाने प्रत्येक जन्मलेल्या जिवात असतातच. भरतानेही प्रेक्षकांच्या आवडी सांगताना तरुण प्रेमाच्या विषयात रमतात आणि विरागी मोक्षाच्या, असे निर्विकारपणे नोंदवले आहे. त्यात तक्रारीचा सूर नाही.

मराठीने मात्र या वयासाठी लिहिताना प्रेम वगळले. कुमारांसाठी साहस होते, विज्ञान होते, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे होता. प्रेम हवे असेल तर मुलांनी मोठ्यांच्या कपाटातून फडके किंवा काकोडकर पळवायचे. मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ (२००४) आणीबाणीच्या काळातल्या नववीतल्या मुलाचे प्रेम सांगते, पण तीही कुमारांसाठी म्हणून लिहिलेली नाही. त्यातल्या मुकुंदाचे शिरोडकरवरचे प्रेम म्हणजे बहुतांश पाहणे, मागे चालणे, शिकवणीच्या वेळा जुळवणे. संस्कृत मीमांसकांनी याला पूर्वराग म्हटले असते आणि विप्रलंभात घातले असते, कारण मीलनाआधीची ओढ हाही विरहच.

इंग्रजीतून आलेल्या तरुणांच्या कादंबऱ्या आज शहरी मराठी मुले सर्रास वाचतात, आणि त्यांचा डोलाराही याच ‘अजून नाही’वर उभा आहे. ‘ट्वायलाइट’ (२००५) लिहिणारी स्टेफनी मायर मॉर्मन पंथाची. तिचा रक्तपिपासू नायक चार खंडांत मुख्यतः संयमच पाळतो, आणि मीलन लग्नानंतरच होते. ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’ (२०१२) लिहिणाऱ्या जॉन ग्रीनने तरुणपणी मुलांच्या रुग्णालयात काही महिने धर्मसेवकाचे काम केले होते. कर्करोग झालेल्या दोन मुलांची ही प्रेमकथा निरागसाला दुःख का, हा धर्माचा सर्वांत जुना प्रश्न विचारते. पुस्तक उघडणारी मुलगी तो विचारायला आलेली नसते. ती प्रेमकथेसाठी आलेली असते आणि प्रश्न तिला वाटेत भेटतो. हे अश्वघोषाच्या मधासारखे दिसते खरे, पण तसे नाही, कारण इथे मधाच्या आत औषध लपवलेले नाही. दोघांचे जुळावे ही ओढच तिला मरणाच्या प्रश्नापर्यंत नेते. ओढ काढून टाकली तर प्रश्नही उरत नाही.

वेळेचा आक्षेप शेवटी शिल्लक राहतो, आणि विकथेची यादी करणाऱ्यांच्या चित्त विखुरण्याच्या आक्षेपामागे तोही होता. साधूचा वेळ साधनेचा असतो, म्हणून त्याच्यापुरता तो आक्षेप बिनतोड आहे. गृहस्थाचा वेळ कोणाचा, हे मात्र कोणत्या गृहस्थाबद्दल बोलायचे त्यावर ठरते. जिचा दिवस पहाटेपासून दुसऱ्यांच्या भुकेवर आणि घड्याळावर चालतो, तिच्या हातात पुस्तक असते तेवढ्या वेळापुरती ती कुणाच्या हाकेची नसते. भरताने विसाव्याच्या यादीत श्रमार्तांना घातले तेव्हा श्रम कसले, अशी चौकशी केली नव्हती. वाचनालयाच्या खिडकीशी अशी वाचक संध्याकाळी येते, संपवलेली कादंबरी परत करते आणि त्याच लेखिकेची दुसरी मागते. तृष्णा शमली नाही याचा हा पुरावा, असे तालपुटाला समजावणारा म्हणेल. अभिनवगुप्ताच्या हिशेबाने रस चाखण्यापुरताच असल्याने कालचा आज उरतच नाही, तो पुन्हा चाखावा लागतो. ती स्वतः आतल्या पानावरची तारखेची चिठ्ठी पाहते, पंधरा दिवस आहेत याची खात्री करते आणि पुस्तक भाजीच्या पिशवीत टाकते.